समूह पुनर्विकास

एकेका इमारतीऐवजी लगतच्या अनेक जुन्या इमारतींचा, रस्ते व मोकळ्या जागांसह, एकत्र आराखडा करून जास्त चटईक्षेत्रासह केलेली पुनर्बांधणी.

मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीतील हवा-उजेडाचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १८९८ मध्ये सुधार न्यास (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाला. त्याने आखलेल्या दादर-माटुंगा वसाहतींत इमारतींची उंची व त्यांतील अंतर यांची सांगड होती [⟶ नगररचना]. समूह पुनर्विकासाची तरतूद मात्र विकास नियंत्रण नियमावली, १९९१ मधील नियम ३३(९) मध्ये आली. २००९ मध्ये बेट शहरासाठी (उपनगरे वगळता मुंबई) ४ चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) देऊन तिला चालना मिळाली.

सुटा भूखंड लहान असल्याने त्यावरचा मनोरा शेजारच्या खिडक्यांना खेटतो आणि गल्ली आहे तेवढीच राहते. समूहात भूखंड एकत्र येतात, रस्ता रुंद करता येतो, बाग, वाहनतळ व मलनिस्सारण यांना जागा निघते. जुन्या रहिवाशांचे तेथेच पुनर्वसन होते. खर्च विक्रीच्या सदनिकांतून भागतो. भेंडी बाजारातील सुमारे १६.५ एकरांचा प्रकल्प या पद्धतीचा आहे. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींचा पुनर्विकास स्वतंत्र नियमाने म्हाडामार्फत (महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण) होतो. तेथे सामाईक शौचालयाच्या १६० चौ. फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौ. फुटांची सदनिका मिळते [⟶ चाळ].

घनता वाढवूनही राहणीमान टिकवण्याचा हा मार्ग आहे. त्याची खरी कसोटी घराच्या आकारापेक्षा दोन मनोऱ्यांमधील अंतर, खालच्या मजल्यांवरील ऊन, देखभालखर्च आणि चाळीच्या सामाईक गॅलरीतला शेजार यांवर लागते. [⟶ झोपडपट्टी पुनर्वसन, भाडेनियंत्रण]