पंडिता रमाबाईंचे कान आणि आपले कान

आम्ही देवगाव फाटा परिसरातल्या बचत गटांच्या समन्वयक. आज आपण पंडिता रमाबाईंविषयी बोलणार आहोत. त्यांचं संस्कृतचं ज्ञान, विधवांसाठी त्यांनी काढलेलं शारदा सदन, केडगावचं मुक्ती सदन हे तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकलेलं असेल. पण रमाबाईंना कमी ऐकू येत होतं आणि त्यामुळे त्यांच्या आयुष्याची वाटच बदलली, हे फार थोड्या जणींना माहीत असतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं. त्या आईनेच पुढे रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगून पोट भरायचं. दुष्काळात आई-वडील गेले. मग रमाबाई आणि त्यांचा भाऊ देशभर फिरले, बराचसा प्रवास पायी. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' म्हटलं. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं वीस. पुढे लग्न झालं, मुलगी झाली आणि १८८२ साली नवरा वारला. पदरात लहान मनोरमा घेऊन त्या पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला.

त्याच वर्षी सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर कमिशन नेमलं होतं. रमाबाईंनी कमिशनपुढे साक्ष दिली. बायकांना शिकवायला बाया पाहिजेत आणि बायकांवर औषधोपचार करायलाही बायाच पाहिजेत, असं त्यांनी ठासून सांगितलं. परपुरुषाला दुखणं सांगायची लाज वाटते म्हणून बाया उपचाराविना मरतात, हे त्या काळचं खरं चित्र होतं.

नुसतं सांगून त्या थांबल्या नाहीत. आपणच डॉक्टर व्हायचं असं ठरवून १८८३ साली लेकीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. पण तिथे कान आडवे आले. ऐकू येणं कमी झालेलं होतं आणि दिवसेंदिवस आणखी कमी होत होतं. त्यामुळे डॉक्टरकीचं शिक्षण त्यांना घेता आलं नाही. बायकांना बाई डॉक्टर हवी असं सरकारला सांगणारी ही बाई स्वतः मात्र डॉक्टर होऊ शकली नाही.

पुढे काय झालं ते नीट ऐका. चेल्टनहॅम नावाच्या गावी मुलींचं मोठं कॉलेज होतं. तिथे रमाबाई स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. तो पदवीदान समारंभ बघायला रमाबाई तिकडे गेल्या. मग अमेरिकेत गावोगाव भाषणं दिली, पुस्तक लिहिलं, पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो बायका-मुलींना केडगावला आसरा दिला. हे सगळं काम कमी ऐकू येणाऱ्या बाईचं आहे. १९२२ साली त्या गेल्या, तोवर त्यांचं काम चालूच होतं.

आता विचार करा, त्या काळी कानाला उपाय काय होता? एक कर्णा. नरसाळ्यासारखा. बारीक तोंड कानात घालायचं आणि रुंद तोंड बोलणाऱ्यापुढे धरायचं. इंग्लंडमध्ये हॅरिएट मार्टिनो नावाची मोठी लेखिका होऊन गेली. ती असा कर्णा घेऊन चारचौघांत बसायची. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तिने १८३४ साली एक लेखही लिहिला. पण कर्णा थोडाच आवाज वाढवतो. विजेवर चालणारी मशीन १९०० च्या आसपास आली. ती पेटीएवढी होती आणि श्रीमंतांनाच परवडायची. १९५२ च्या शेवटी ट्रान्झिस्टरची मशीन आली आणि मग ती लहान लहान होत गेली. आज कानाच्या पाठीमागे बसणारी मशीन शेंगदाण्यापेक्षा थोडीच मोठी असते. कोणाला कोणता आवाज किती कमी येतो, ते पाहून ती लावून देता येते.

आपल्याकडे मुंबईत १८८५ च्या सुमारास मूकबधिर मुलांची शाळा निघाली. देशातली ती पहिली. मोठ्या माणसांचे कान तपासायची सोय मात्र फार उशिरा आली. १९६० नंतर म्हैसूर आणि मुंबईत कान तपासणारे तज्ज्ञ तयार व्हायला लागले. १९८१ साली केंद्र सरकारची एडिप योजना आली. दिव्यांगांना साधनं द्यायची ही योजना, तिच्यात कानाची मशीनही बसते. १९८३ साली मुंबईत वांद्र्याला कानांसाठी राष्ट्रीय संस्था झाली. तिला अली यावर जंग यांचं नाव आहे. हे जंगसाहेब हैदराबादचे. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथले. पुढे ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. २०१३ साली लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत डॉक्टरांचं पथक येतं, ते याच कार्यक्रमाचं. त्यात ऐकू न येणंही तपासतात.

म्हणजे रमाबाईंना जे मिळालं नाही ते आज परभणीपर्यंत आलेलं आहे. मग अडतं कुठं? अडतं ते ओळखण्यात आणि सांगण्यात. डोळ्याला चष्मा लागला तर कोणी लाजत नाही. कानाला मशीन म्हटलं की बाई म्हणते, "लोक बहिरी म्हणतील." घरचेही म्हणतात, "वय झालं, आता काय करायचंय ऐकून?"

आपल्या घराघरात एक तक्रार असते, "सासूबाईंना सोयीचं तेवढंच ऐकू येतं." मामंजी बोलले की ऐकू जातं आणि सून बोलली की नाही. बायांनो, यात लबाडी नसते. वयाने कान कमी होतात तेव्हा बहुधा आधी बारीक, उंच आवाज जातात. बाईचा आणि लेकराचा आवाज पुरुषापेक्षा बारीक असतो, म्हणून तो आधी हुकतो. स, श, त, फ असली अक्षरंही निसटतात. 'सात' म्हटलं की 'आठ' वाटतं. आवाज येतो पण शब्द कळत नाही. मग सून ओरडते, सासू म्हणते "ओरडतेस कशाला?" आणि भांडण लागतं.

आपल्या गटातही हे घडतं. बैठकीत ठराव वाचला जातो, हप्ता किती आणि व्याज शेकडा किती ते सांगितलं जातं. कोपऱ्यातली मावशी मान हलवते आणि सही करते. मान हलवली म्हणजे ऐकू आलं असं समजू नका. तिला हप्त्याची तारीख कळली नाही तर दंड तिलाच बसतो. आणि आपल्या फाट्यावर मंठा, जिंतूर, सेलू तिन्हीकडून गाड्या येतात. मागून आलेला हॉर्न ऐकू आला नाही तर काय होईल, ते सांगायला नको.

मग ओळखायचं कसं? बाई वारंवार "काय?" म्हणते. टीव्हीचा आवाज मोठा ठेवते. पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, समोरून बोललं तर कळतं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहते. फोनवर बोलायचं टाळते. चार जणींत गप्प बसते. कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं असं सांगते. यातल्या दोन-तीन गोष्टी दिसल्या तरी तपासणी करून घ्या.

लेकरांचं तर लवकर बघायला पाहिजे. तान्हं बाळ मोठ्या आवाजाला दचकतं का? सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे मान वळवतं का? वर्षाचं झाल्यावर नावाने हाक मारली की बघतं का? नसेल तर "मुलगा उशिरा बोलेल, त्याचा बापही उशिराच बोलला" म्हणून थांबू नका. मूल ऐकूनच बोलायला शिकतं. दोष जन्मतः असेल तर तो तीन महिन्यांत कळावा आणि सहा महिन्यांत उपचार सुरू व्हावेत, असं डॉक्टर सांगतात.

जायचं कुठं? आधी आशाताईला सांगा. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात नेईल. पुष्कळदा कानात नुसता मळ साचलेला असतो किंवा कान वाहत असतो आणि औषधाने बरं वाटतं. त्यासाठी घरी तेल, काडी, पिन कानात घालू नका. पुढची तपासणी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात. कानावर हेडफोन लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात, त्याला ऑडिओमेट्री म्हणतात. दुखत नाही. अचानक एका दिवसात एका कानाने ऐकू येणं बंद झालं, तर मात्र वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उशीर झाला तर गेलेलं ऐकू येणं परत येण्याची शक्यता कमी होते.

मशीनला पैसे कुठून? दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं तर एडिप योजना आहे. साठीच्या पुढच्या गरीब माणसांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. वय ६५ पूर्ण आणि घरचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल, तर साधनासाठी ३,००० रुपये खात्यात येतात. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा, किंवा ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत नंबरवर फोन लावा. बाजारातून तपासणीविना मशीन मात्र आणू नका. ती सगळाच आवाज वाढवते आणि बाई वैतागून काढून ठेवते.

चांगली मशीनही पहिल्या दिवशी नकोशी वाटते. भांड्यांचा खणखणाट, स्वतःचा आवाज, सगळंच मोठं वाटतं. पहिल्या आठवड्यात घरात दोन-तीन तास लावा, मग हळूहळू वेळ वाढवा. सवय व्हायला काही आठवडे लागतात. शिट्टी वाजली तर मशीन नीट बसलेली नसते, ती जिथून मिळाली तिथे दाखवा. अंघोळीला आणि झोपताना काढून ठेवा. सेल लेकरांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं.

आता या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. गोल करून बसा, म्हणजे सगळ्यांची तोंडं सगळ्यांना दिसतील. एका वेळी एकीनेच बोलायचं. ठराव वाचून झाला की प्रत्येकीला विचारा, "मावशी, हप्ता किती आणि कोणत्या तारखेला?" तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मगच सही घ्या. जिचं उत्तर चुकेल तिच्यावर हसू नका. तिचं नाव वहीत लिहा आणि पुढच्या आठवड्यात आशाताईबरोबर तिला आरोग्य केंद्रात पाठवा. सोबत गटातली एक जण जाऊ द्या, कारण डॉक्टर काय म्हणाले ते तिला एकटीला ऐकू येईलच असं नाही.