दारफळणी : सामुदायिक पश्चात्तापाचे कोकणातील रूप

हिब्रू संदेष्ट्यांच्या ग्रंथांत पश्चात्ताप ही सहसा एकट्याची गोष्ट नसते. योएलाच्या ग्रंथात टोळधाडीने देश उजाड झाल्यावर शिंग फुंकून साऱ्या लोकांना एकत्र बोलावले जाते; त्यातून नवरा-नवरी सुटत नाहीत, अंगावर पिणारे मूलही सुटत नाही. योनाच्या कथेतील निनवे नगरात तर गुराढोरांनाही गोणपाट पांघरले जाते. देवाच्या दयाळूपणाचे एकच सूत्र या दोन्ही ग्रंथांत येते. ‘निर्गम’ या ग्रंथातही ते आहेच. योएल ते आशेने उच्चारतो, योना तक्रारीने. परक्या नगराला क्षमा मिळावी हे त्याला रुचत नाही. योम किप्पूर या प्रायश्चित्तदिनी दुपारच्या उपासनेत हीच कथा वाचली जाते.

कोकणातील बेने इस्रायलांच्या हाती दीर्घकाळ हे ग्रंथ नव्हते. ‘शेमा’चे वचन, शनिवारचा विसावा, सुंता, आहारनियम आणि काही सण-उपवास एवढे त्यांनी जपले होते. योम किप्पूर टिकला तो ‘दारफळणीचा सण’ या मराठी नावाने. त्या दिवशी दारे लावून घरोघर उपवास होई, पांढरी वस्त्रे नेसली जात आणि परजातीयांचा संपर्क टाळला जाई. दुसरा दिवस ‘शिळा सण’, भेटीगाठींचा आणि दानधर्माचा.

या आचाराकडे केवळ विस्मरणाचा अवशेष म्हणून पाहणे अपुरे ठरते. योम किप्पूरच्या अखेरच्या प्रार्थनेचे ‘नेइला’ हे नावही दारे मिटण्याचेच आहे. मात्र तेथे मिटतात ती स्वर्गाची दारे, येथे घराची. या साम्यातून थेट वारसा सिद्ध करण्याचा मोह टाळलेला बरा. खरा प्रश्न समुदायाचा आहे. योएलाने बोलावलेला मेळा येथे उंबरठ्यांआड विखुरला, तरी एकाच दिवशी गावोगावी लागलेली दारे हाही एक मेळाच होता. भुकेल्याला अन्न न देणाऱ्या उपवासाला यशया दोष देतो; शिळ्या सणाच्या दानधर्माने त्याची अपेक्षा ग्रंथ हाती नसतानाही काही अंशी पूर्ण केली.

हा समुदाय मुंबईत एका छताखाली आला तो सामाजी हसाजी दिवेकरांमुळे. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडले. टिपूच्या आईच्या रदबदलीने त्यांचा जीव वाचला, अशी जमातीची परंपरा सांगते. बंगळूरहून म्हैसूरकडे जाताना लागणारे श्रीरंगपट्टण अशा रीतीने या कथेत येते. सुटका झाल्यास प्रार्थनालय बांधण्याचा दिवेकरांचा नवस १७९६ साली फेडला गेला. पुढे कोचीचे शिक्षक आले, १८३२ मध्ये जॉन विल्सनचे मराठीतील हिब्रू व्याकरण निघाले, १८४६ मध्ये वल्हांडणाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह छापली गेली. दानिएल आणि नहेम्या यांच्या प्रार्थनांतील ‘आम्ही’ आता मुखाने उच्चारता येऊ लागला. बंद दारांआडचे मौन मागे पडले. ही निव्वळ प्रगती मानणे कठीण आहे.

१८९६ मध्ये त्या प्रार्थनालयाला ‘शआर हारहमीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’, हे नाव मिळाले. ‘रहमीम’चे नाते गर्भाशयवाचक ‘रेहेम’शी सांगितले जाते, आणि अरबी-फारसीतून मराठीत आलेला ‘रहम’ही त्याच सेमिटिक कुळातला. तोपर्यंत लोक त्या वास्तूला ‘जुनी मशीद’च म्हणत.