निवारा आणि निर्वाह : दक्षिण महाराष्ट्रातील एक वाटचाल

जैन म्हटले की पेढी आणि व्यापार हेच चित्र डोळ्यांसमोर येते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातील जैन समाज मात्र बहुतांशी नांगरधारी. त्याच्या मुलांपुढील पहिली अडचण शाळेची नव्हती. शहरात राहायचे कोठे आणि जेवायचे काय, ही होती. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने वसतिगृहांना अग्रक्रम दिला तो यामुळेच. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले.

याच बोर्डिंगात कुंभोजचे भाऊराव पाटील शिकण्यासाठी राहिले. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर स्नान करूनच आत येण्याची आज्ञा झाली. ती त्यांनी मानली नाही आणि बोर्डिंगातील त्यांची जागा गेली. वसतिगृहाचा कारभार त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होता. लठ्ठे स्वतः मोठे सुधारक. तरीही हे घडले. समाजाच्या इतिहासातून हे पान गाळणे उचित ठरणार नाही, कारण पुढील कार्याचे बीज याच प्रसंगात आहे.

भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यात त्यांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत, स्वयंपाकही मिळूनच करीत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने कामी आले. मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही. देणगीदारांच्या याद्यांत अशा दानाला सहसा रकाना नसतो.

मात्र केवळ दानावर विसंबणे भाऊरावांना मान्य नव्हते. मुलाने श्रम करावे, त्या श्रमाचे मोल त्याच्या शिक्षणासाठी जमा व्हावे, हे 'कमवा आणि शिका' योजनेचे सूत्र. उपकाराचे ओझे न घेता शिकता येणे, हा त्यातील खरा लाभ. १९४० साली साताऱ्यातील महाराजा सयाजीराव विद्यालयात ही पद्धत रुजली, १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालयापर्यंत पोहोचली.

इकडे लठ्ठे १९३७ साली मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी सरकारने कापड गिरणी कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली आणि १९३८ च्या अंतरिम अहवालात तिने वेतनवाढीची शिफारस केली. याचे श्रेय एकट्या लठ्ठ्यांना देता येणार नाही. कामगारांचा लढा त्यामागे होता. निर्वाहापुरते वेतन हा प्रश्न राज्यकारभाराच्या कक्षेत मात्र येऊन ठेपला होता. १९४८ साली किमान वेतन कायदा झाला, आणि १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३ मध्ये निर्वाह वेतनाचा स्पष्ट उल्लेख आला. लठ्ठे त्याच वर्षी निवर्तले.