फेट सिम्युलेशन

फेट सिम्युलेशन : विज्ञान व गणित शिकण्यासाठी इंटरनेटवर विनामूल्य मिळणारी परस्परसंवादी सदृशीकरणे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील शाखेत हा प्रकल्प चालतो. ‘फिजिक्स एज्युकेशन टेक्नॉलॉजी’ या मूळ इंग्रजी नावावरून ‘फेट’ हे नाव पडले. प्रारंभी केवळ भौतिकीपुरता असलेला हा संच पुढे रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूविज्ञान व गणित या विषयांपर्यंत वाढला. त्यात दीडशेहून अधिक सिम्युलेशन असून त्यांपैकी अनेक मराठीतही आहेत.

इतिहास : भौतिकीच्या 2001 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि पारितोषिकाच्या रकमेतील काही भाग त्यासाठी दिला. आरंभीची सिम्युलेशन जावा व फ्लॅश या तंत्रांवर चालत. ब्राउझरमधून ही तंत्रे मागे पडू लागल्यावर एचटीएमएल-5 मध्ये त्यांची नव्याने बांधणी करण्यात आली. त्यामुळे ती संगणकाप्रमाणेच टॅबलेट व मोबाइलवरही चालतात. एकदा उतरवून घेतलेली फाइल इंटरनेटशिवाय उघडते. जोडणी बेभरवशाची असलेल्या शाळांसाठी ही मोठीच सोय आहे. पडद्यावरील मजकुराचे भाषांतर जगभरातील स्वयंसेवक करतात.

कार्यपद्धती : विद्युत मंडल जोडणीचे सिम्युलेशन हे याचे ठळक उदाहरण. पडद्याच्या कडेला तारा, घट, बल्ब, रोधक व कळ मांडलेली असतात. विद्यार्थी ती ओढून मंडल जोडतो. मंडल पूर्ण होताच बल्ब लागतो आणि तारांमधून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसू लागतात. 9 व्होल्टच्या घटाला 10 ओहमचा रोध जोडल्यास ॲमीटर 0.9 अँपिअर दाखवतो. तसाच दुसरा रोध एकसर जोडणीत घातला की वाचन 0.45 वर येते. समांतर जोडणीत घटातून निघणारी एकूण धारा 1.8 अँपिअर होते. ओहमचा नियम अशा रीतीने हाताखालून जातो. नाणे, पेन्सिल, खोडरबर यांसारख्या वस्तू मंडलात घालून वाहक व विसंवाहक पारखता येतात. घटाची दोन टोके नुसत्या तारेने जोडली, तर ज्वाळा दिसतात. लघुपरिपथ म्हणजे काय हे कोणालाही इजा न होता कळते.

वर्गातील वापर : एकसर जोडणीत पहिला बल्ब थोडी धारा ‘खातो’ आणि दुसऱ्याला उरलेली मिळते, असा विद्यार्थ्यांचा सार्वत्रिक समज असतो. अशा वेळी शिक्षकाने आधी अंदाज विचारावा, तो वहीत लिहून घ्यावा आणि मगच मंडल जोडू द्यावे. दोन्ही बल्बांच्या पुढे ठेवलेल्या ॲमीटरांचे वाचन सारखेच आले, की चुकलेल्या अंदाजातून खरा प्रश्न उभा राहतो. सुरुवातीची पाच-दहा मिनिटे मुलांना मोकळेपणी हाताळू देणे आणि पायरीपायरीच्या सूचनांऐवजी एखादाच नेमका प्रश्न देणे फलदायी ठरते. संगणक मोजके असल्यास दोघा-तिघांचा गट करावा व माउस आळीपाळीने फिरावा. एकच प्रोजेक्टर असेल, तर पुढे काय होईल याबद्दल वर्गाचा कौल घेऊन मगच कळ दाबावी. केवळ शिक्षकच सिम्युलेशन चालवू लागला, तर त्याची चित्रफीत होते आणि त्यातील ‘करून पाहणे’ हा प्राणच हरवतो.

परिणाम व मर्यादा : कोलोरॅडो विद्यापीठातील प्रास्ताविक भौतिकीच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतील खऱ्या साहित्याऐवजी मंडल-सिम्युलेशन वापरलेल्या गटाला संकल्पना अधिक चांगल्या उमगल्या. खरे मंडल जोडून त्याचे स्पष्टीकरण देण्यातही तो गट सरस ठरला. तरीही पडद्यावरील जग आदर्श असते. तिथे जोड सैल होत नाही, टोकाला गंज चढत नाही. इलेक्ट्रॉनांचे निळे गोळे ही समजुतीसाठी केलेली प्रतिमा आहे, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे लागते. पडद्यावरची निर्धोक हाताळणी घरातील 230 व्होल्टच्या जोडणीला लागू नाही, हेही बजावायला हवे. म्हणून सिम्युलेशननंतर टॉर्चचा सेल, बल्ब व तार मुलांच्या हाती द्यावी. पडद्यावर लागलेला दिवा त्यांना स्वतःच्या हातांनीही लावता आला, म्हणजे तो धडा पुरा झाला.