फटीतला कापूस

कोकणकिनाऱ्यावर गलबताची मरम्मत हे गोदीतल्या सुताराइतकेच नाखव्याच्या घरचेही कर्तव्य असे. पावसाळ्यात होडी झापांच्या खोपीखाली ओढून घेतली, की फळ्यांच्या संधींत तेलात भिजवलेला कापूस ठासावा, वर राळ कढवून लिंपावी, आणि लाकूड टिकावे म्हणून माशाचे तेल, त्याच्या उग्र दर्पाची तमा न बाळगता, चोळावे, असा दस्तूर होता. खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवण्याची रीत तर पोर्तुगीज येण्यापूर्वीची. शिवण तुटली तरी घरचाच दोर पुन्हा ओवता येई, हा तिचा गुण मला तरी लोखंडाहून श्रेष्ठ वाटतो. मोठ्या जहाजांसाठी मात्र मराठ्यांच्या आरमाराने विजयदुर्गानजीक वाघोटणच्या खाडीकाठी खडकात गोदी खोदली. तिचे अवशेष आजही तेथे पाहावयास मिळतात.