परग्रहावरचे पाहुणे इकडे कशाला येतील?

दूरच्या एखाद्या ताऱ्याभोवती आपल्याहून पुढारलेले जीव राहात असतील, तर ते पृथ्वीवर कशाला येतील? प्रश्न गमतीचा वाटेल. पण त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासात परग्रहवासी दिसत नाहीत, माणूसच दिसतो.

१८७७ साली इटलीत मिलानच्या वेधशाळेत स्क्यापारेल्ली या ज्योतिषशास्त्रज्ञांना मंगळावर रेघा दिसल्या. त्यांना त्यांनी ‘कानाली’ म्हटले. इटालियन भाषेत हा शब्द नैसर्गिक चरांनाही लावतात. इंग्रजीत मात्र त्याचे ‘कॅनॉल’, म्हणजे खोदलेले कालवे झाले! सुएझचा कालवा खुला होऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. पुढे अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ साली स्वतःची वेधशाळा उभारली आणि सांगितले, की मंगळ वाळत चालला आहे आणि तिथले लोक ध्रुवांवरच्या बर्फाचे पाणी कालव्यांनी शेतीला आणतात.

१८९८ साली एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीत हेच मंगळवासी आपला थंड पडत चाललेला ग्रह सोडून इंग्लंडवर चालून आले. टास्मानिया बेटावरच्या मूळ रहिवाशांचा युरोपीयांनी केलेला संहार वेल्स यांनी तिथेच वाचकांपुढे ठेवला. दुसऱ्याची भूमी बळकावणे हा त्या काळच्या साम्राज्यांचा धंदा. तोच मंगळवासीयांच्या माथी आला.

१९६५ साली ‘मरिनर ४’ हे यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत कालवे नव्हते, विवरे होती.

मग आता आपणच शांतपणे हिशेब करू या. पाण्यासाठी येतील? गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुपटीहून अधिक पाणी असावे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. लोखंड, निकेल हे धातू लघुग्रहांत भरपूर आहेत. वेठीला माणसे हवीत म्हणाल, तर एवढी विद्या ज्यांच्यापाशी आहे, त्यांच्यापाशी यंत्रे नसतील काय? बरे, वाट किती लांबची! सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर. ‘व्हॉयेजर १’ हे आपले यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावते. त्या वेगाने एवढे अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. दारची विहीर सोडून कोणी शंभर कोसांवर घागर घेऊन जात नाही.

आणि आपण इथे आहोत, हे त्यांना कळणार तरी कसे? आकाशवाणीसारख्या केंद्रांचे प्रक्षेपण जगात सुरू होऊन शंभर वर्षे उलटली. म्हणजे ते क्षीण सूर फार तर शंभराहून थोडी अधिक प्रकाशवर्षे गेले असतील. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. गावाच्या वेशीपर्यंतही आपली हाक पोचलेली नाही!

मग दुसरीकडे सहजासहजी न मिळणारे असे आपल्याकडे काय आहे? इथली झाडे, पाखरे, माणसे आणि माणसांनी घडवलेल्या गोष्टी. शास्त्रज्ञांनीही निवड करताना हेच निवडले. १९७७ साली दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवून पाठवली. तीत सोन्या-लोखंडाची यादी नाही. पावसाचा आवाज आहे, पक्ष्यांची किलबिल आहे, पंचावन्न भाषांत नमस्कार आहेत. त्यांत आपली मराठीही आहे. आणि जगभरच्या सत्तावीस संगीतरचनांत गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ‘व्हॉयेजर १’ ५ सप्टेंबरला निघाले. केसरबाई १६ सप्टेंबरला निवर्तल्या. आवाज पुढे चाललाच आहे.

तेव्हा कोणी आलेच, तर ते लुटायला येण्याचे कारण दिसत नाही. पाहायला, ऐकायला येतील. पण पाहुणा येईल की नाही, हे आपल्या हाती नाही. त्याने यावे असे जे इथे आहे, ते जपणे मात्र आपल्याच हाती आहे. गुरुजनांनी मुलांना एक प्रश्न जरूर घालावा: परग्रहावरच्या पाहुण्याला दाखवायला आपल्या गावातले काय निवडाल? मुले काय सांगतात ते ऐका. आणि मग पाहा, ते आपण नीट सांभाळले आहे का.