डोक्यावरचं छप्पर

बाबासाहेबांचं शिक्षण सांगताना आपले वक्ते पदव्या मोजतात. एम. ए., पीएच. डी., डी. एस्सी., बॅरिस्टर. टाळ्या पडतात. पण हा माणूस रात्री झोपत कुठं होता, हे कोणी सांगत नाही. मित्रांनो, आपल्या शिक्षणाचा इतिहास तिथून सांगायला पाहिजे. शाळेचं दार कायद्यानं उघडलं. शहरातली खोली मात्र अजून घरमालकाच्या तोंडाकडे बघून मिळते.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. आधी हार्टले हॉल, मग कॉस्मॉपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉल. तिथं नवल भथेना हा पारशी दोस्त खोलीत सोबती. जगातल्या नाना देशांची माणसं त्या शहरात, पण खोलीसाठी जात विचारणारा कोणी भेटला नाही. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे विसरूनच गेलो होतो, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

आणि १९१७ चं बडोदं बघा. गायकवाड सरकारची शिष्यवृत्ती घेतलेली, त्यामुळे तिथं नोकरी करणं भाग. नोकरी तयार, राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत हे ठाऊक. मग पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळीचं सामान, कंदिलाचा उजेड, बोलायला माणूस नाही. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे. संध्याकाळच्या आत खोली खाली कर! बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचणी सांगितल्या. शेवटी कामाठी बागेत पाच तास बसून काढले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. कोलंबियात शिकलेला माणूस, आणि राजाच्या राजधानीत त्याला पथारी टाकायला जागा नाही!

या अकरा दिवसांकडे आपण नुसतं अपमानाची गोष्ट म्हणून बघतो. मला त्यात पुढच्या कामाचं मूळ दिसतं. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली, आणि जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला तिचं वसतिगृह सुरू झालं. कॉलेज काढायला अजून वीस वर्षं होती. १९२८ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी काढली तीही वसतिगृहांसाठी. (कोल्हापुरात शाहू महाराजांनी हे आधीच ओळखलं होतं. मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं.) सिद्धार्थ कॉलेज १९४६ चं, औरंगाबादचं कॉलेज १९५० चं. क्रम नीट बघा : आधी पथारी, मग पुस्तक.

आमच्या मराठवाड्याला तर निजामाच्या राज्यात विद्यापीठ म्हणजे हैदराबाद. कुंभार पिंपळगावच्या महारवाड्यातून हैदराबादला कोण जाणार? नागसेनवन उभं राहिलं आणि खेड्यातली पोरं वळकटी घेऊन औरंगाबादला उतरायला लागली. वसतिगृहात नाव लागलं की घरचे निर्धास्त. नाही लागलं की गल्लोगल्ली फिरणं आलं.

मी फिरलोय. एका घरमालकानं आडनाव विचारलं. आमचं आडनाव असं की त्यावरून काही कळत नाही. मग गाव विचारलं. म्हटलं, कुंभार पिंपळगाव. बाबा खूश! "म्हणजे कुंभार का तुम्ही? या की, बसा." पाणी आलं. म्हटलं, कुंभार गावाच्या नावात आहे, आम्ही जयभीमवाले. खोली तेवढ्यात भाच्यासाठी ठेवलेली निघाली. बाहेर आलो तर सोबतचा दोस्त म्हणतो, "येड्या, गप बसला असतास तर काय बिघडलं असतं?" बडोद्यात पारशी नाव लावणाऱ्यावर काय गुदरली ते मी वाचलेलं होतं. खोटं नाव लावलं की रोज दारावरच्या थापेकडे कान लावून झोपायचं.

वसतिगृहात ही भीती नसते, म्हणून तिथं पोरं मोठ्यानं बोलतात. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह हा तिचा अड्डा होता. राजा ढाले तिथंच राहायचे. चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या खोल्यांवर एक प्रकरण लिहावं.

सत्तेलाही हे कळतं. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथींवर कारवाई झाली ती वसतिगृहातून बाहेर काढण्याची. जानेवारी २०१६ मध्ये पाचही जण आवारात उघड्यावर राहिले. त्या जागेला त्यांनी नाव दिलं 'वेलीवाडा', म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. १७ जानेवारीला रोहित गेला.

पुढे महाराष्ट्र सरकारनं स्वाधार योजना आणली : वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पैसे घ्या. आमच्या विभागीय शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये धरले, त्यात राहण्याचे १५,०००. महिन्याला साडेबाराशे. त्यात खोली कुठं मिळते ते योजना लिहिणाऱ्यानं येऊन दाखवावं. बरं, पैसे मिळाले तरी आडनावाचा सवाल राहतोच, आणि नोट बघून घरमालक जात विसरत नाही. म्हणून योजनेचा अर्ज भराच, पण वसतिगृहातल्या खाटा वाढवा ही मागणी सोडू नका. आणि यंदा गावाकडून बारावी होऊन जी पोरं-पोरी येतील त्यांना पहिला महिना कुणाच्या खोलीत ठेवायचं, त्याची यादी जूनच्या आत करा.